नळीतला बुडबुडा

बाळांनो, आधी ती बिनसुईची सिरिंज घ्या, औषधाच्या दुकानात मिळते ती. तिच्यात पाणी ओढा, तोंड वर धरून आतली हवा घालवा, आणि तोंडावर अंगठा घट्ट ठेवून दट्ट्या रेटा. थोरल्या, तू लाव जोर. हलतो का? नाही हलायचा. आता पाणी काढून टाका, नुसती हवा भरा आणि पुन्हा रेटा. बघा, सहज आत गेला, आणि सोडल्याबरोबर उसळून मागे आला. आता तिसऱ्यांदा. पाणी भरा, पण हरभऱ्याएवढी हवा मुद्दाम आत राहू द्या. रेटा. थोडा आत जातो, मऊ लागतो, मग अडतो. हे तिसऱ्यांदा हाताला जे लागलं ना, ते लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्या हरभऱ्याएवढ्या हवेची आहे.

पाणी का दबत नाही? तुम्ही पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने झाशीला आलात. आरक्षणाच्या डब्यात माणसं सुटी सुटी बसली होती; आणखी चार जण शिरले असते तरी सरकून जागा झाली असती. जनरलच्या डब्यात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. हवेचे कण आरक्षणाच्या डब्यातले, पाण्याचे जनरलमधले. हवा दाबली की कणांमधली मोकळी जागा कमी होते. पाण्यात कमी व्हायला जागाच उरलेली नसते. समुद्रात ४ किलोमीटर खोल गेलं, तर तिथला दाब आपल्यावरच्या वातावरणाच्या सुमारे ४०० पट असतो. एवढ्या दाबाखालीही तिथलं पाणी शंभरात दोन भागसुद्धा आकसत नाही.

या न दबण्यातच द्रवाची ताकद आहे, आणि ती ओळखली ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसाने. उणंपुरं ३९ वर्षांचं आयुष्य, त्यातलं बरंचसं आजारपणात गेलेलं. १६६२ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ छापून निघाला. बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला की तो कमी न होता सगळीकडे पोचतो, वर, खाली, वळणात, कोपऱ्यात. म्हणून भांड्याला दोन तोंडं ठेवा, एक लहान आणि एक त्याच्या शंभरपट मोठं, आणि दोन्हींत दट्टे बसवा. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला की मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचा जोर उमटतो. फुकट मात्र काही मिळत नाही. लहान दट्ट्या हातभर सरकला, तर मोठा त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच हलतो.

कागदावरचं हे यंत्र कारखान्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. अडचण होती ती दट्ट्याच्या कडेने पाणी गळण्याची. कडा घट्ट आवळावी तर दट्ट्या जागचा हलेना, सैल सोडावी तर पाणी बाहेर. सांगतात ते असं, की त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीने यावर उपाय शोधला. त्याने चामड्याची वाटी बसवली, वाटीचं तोंड दाबाच्या बाजूला. पाणी जितकं जोरात रेटेल, तितक्या वाटीच्या कडा पसरून भिंतीला चिकटतील. जे पाणी गळायला बघतंय, त्यालाच गळती रोखायच्या कामाला लावलं! मला ही युक्ती माणसाच्या बुद्धीच्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटते. तीच वाटी आज रबराची होऊन आपल्या गाडीच्या क्लचमध्ये बसली आहे. गॅरेजमध्ये तिला वॉशर म्हणतात, आणि वॉशरांच्या पाकिटाला किट.

पण थांबा, माणसाच्या कितीतरी आधी हे ज्याला साधलं होतं, तो आपल्या माळ्यावरच राहतो. धाकटे, घाबरू नकोस, कोळीच आहे. कोळ्याला पाय आत दुमडायला स्नायू असतात, पण पायातल्या दोन मुख्य सांध्यांत पाय सरळ करायला स्नायूच नसतात. मग तो पाय लांब कसा करतो? अंगातलं रक्त दाबाने पायात ढकलून. छातीकडचा भाग आवळला की रक्ताचा दाब चढतो आणि पाय ताडकन सरळ होतो. १९५९ मध्ये केंब्रिजच्या पॅरी आणि ब्राउन या दोघांनी घरात आढळणाऱ्या एका कोळ्याच्या पायातला हा दाब मोजला. एरवी तो पाऱ्याच्या ५ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि क्षणभरासाठी ४० सेंटिमीटरपर्यंत चढतो, म्हणजे वातावरणाच्या निम्म्याहून जास्त. मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसतो ना? दाब देणारं कोणी उरलेलं नसतं, दुमडणारे स्नायू तेवढे पाय आत ओढून धरतात. केर काढताना असा कोळी दिसला तर फेकण्याआधी भिंगातून एकदा बघा.

आता गाडीकडे. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी थांबतात, कधी चालतात. दोघांच्या मध्ये क्लच प्लेट असते. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये ती पोलादी स्प्रिंगच्या शेकडो किलोंच्या जोराने धरलेली असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांना रेटतं, पकड सुटते, प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो. प्लेट मोकळी व्हायला दोन्ही बाजूंना जी फट लागते ती मिलिमीटरहूनही कमी. तेवढी मिळाली तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो, नाही मिळाली तर दात दातांवर घासतात.

बऱ्याच छोट्या गाड्यांत पायाचा जोर क्लचपर्यंत तारेच्या केबलने जातो. आपल्या गाडीत तो तेलाने जातो. पेडलमागे मास्टर सिलिंडर, त्याच्या डोक्यावर तेलाचा डबा, खाली गिअरबॉक्सला लागून स्लेव्ह सिलिंडर, आणि दोघांना जोडणारी बोटाहून बारीक नळी. मास्टरचा दट्ट्या पुढे गेला की स्लेव्हचा दट्ट्या बाहेर येतो आणि बेअरिंगचा काटा ढकलतो. पास्कलची दोन तोंडं, दुसरं काही नाही.

थोरला विचारतोय, एवढ्याशा हवेने एवढ्या मोठ्या गाडीचं काय बिघडणार? पाटी घे, हिशेब करू. मास्टरचा दट्ट्या २ चौरस सेंटिमीटरचा धर आणि तो ३ सेंटिमीटर सरकतो असं धर. म्हणजे एका दाबात नळीत जाणारं तेल अवघं ६ मिलिलिटर. पायाचा जोर १० किलो. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे ५० किलो. २ चौरस सेंटिमीटरवर ५० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो, वातावरणाच्या साधारण २५ पट. इतक्या दाबाने तेल आकसतं हजारात एक-दोन भाग. पायाला कळणारही नाही. आता नळीत १ मिलिलिटर हवा असू दे. २५ पट दाबाखाली तिचा पंचविसावा हिस्सा उरतो. म्हणजे जवळजवळ १ मिलिलिटर तेल नुसता बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडलं. सहातलं एक गेलं. मास्टरच्या चालीतले ५ मिलिमीटर वाया, आणि पेडलला ते पाचपट होऊन अडीच सेंटिमीटर. आणि ज्या फटीसाठी हा सगळा खटाटोप, ती मिलिमीटरहून कमी! आता कळलं ना, हरभऱ्याएवढ्या हवेला मी एवढा का घाबरतो?

गेल्या मे महिन्यात आपण ओरछ्याहून परत येत होतो, आठवतंय? दुपारचं ऊन, बेतवेवरून येणारा वाराही भाजत होता. शहरात शिरता शिरता गिअर कडक पडायला लागला, आणि इलाईट चौकात रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज झाला. पेडल दाबलं तर पाय पोकळीत गेल्यासारखा खाली गेला. तुम्ही विचारलंत, नाना, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, नाही, आपण घरी जाणार. पेडल भराभर चार-पाच वेळा मारलं, ते थोडं वर आलं, तेवढ्यात गिअर टाकला. असं करत करत सीपरी बाजारापर्यंत आलो.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, क्लच सेट गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हा सल्ला मला पटला नाही. क्लच प्लेट झिजली की काय होतं? ती घसरते. इंजिन ओरडतं, गाडी तेवढी पळत नाही, चढावर जळका वास येतो. आपल्याकडे नेमकं उलटं होत होतं. पकड सुटतच नव्हती. जी पकड सुटत नाही ती झिजलेली कशी असेल? दुखणं प्लेटचं नव्हतं, पाय आणि प्लेट यांच्या मधल्या निरोपाचं होतं.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी पेडलला प्रश्न विचारले, आणि मला वाटतं चांगला कारागीर यावरूनच ओळखावा. त्यांनी काय काय पाहिलं ते सांगतो, कारण प्रत्येक गोष्टीमागे पास्कल उभा आहे.

आधी डबा पाहिला. तेल खाली गेलं होतं. इथे एक बारकी गंमत आहे. ब्रेकची पॅडं झिजली की ब्रेकच्या डब्यातलं तेल आपोआप खाली जातं, कारण दट्टे पुढे सरकून जास्त तेल धरून ठेवतात. क्लचचं उलटं. प्लेट झिजते तशी स्प्रिंगची बोटं स्लेव्हचा दट्ट्या मागे ढकलतात, म्हणजे तेल डब्याकडे परत येतं. तेव्हा क्लचचा डबा वेगळा असेल आणि त्यातलं तेल कमी झालं असेल, तर ते झिजेने नाही, कुठेतरी बाहेर जातंय. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डब्यातून पितात. अशा डब्यात क्लचची तोटी मुद्दाम उंचावर ठेवलेली असते, म्हणजे क्लच गळून रिता झाला तरी ब्रेकपुरतं तेल तळाशी राहतं. ज्या कोणा इंजिनिअरला हे सुचलं, त्याने किती जीव वाचवले असतील!

मग पेडल भराभर मारलं. ते वर येऊन घट्ट झालं. प्रत्येक दाबाबरोबर डब्यातून थोडं जास्तीचं तेल नळीत जातं आणि बुडबुड्याने खाल्लेली जागा भरून काढतं. जरा थांबलं की पुन्हा मऊ. म्हणजे हवा आहे. "बाबूजी, एअर है," उस्ताद म्हणाले, "पर आयी कहाँ से?" हाच खरा प्रश्न. हवा काढून देणारे पुष्कळ भेटतात. ती शिरली कुठून, हे शोधणारा भेटायला नशीब लागतं.

त्यासाठी त्यांनी मला बसवलं, इंजिन चालू, पहिला गिअर, पुढे मोकळी जागा, एक पाय ब्रेकच्या तयारीत. पेडल पूर्ण दाबून धरायचं, हलवायचं नाही. थोड्या वेळाने गाडी स्वतःहून सरकू पाहते का? सरकली तर मास्टरच्या आतला वॉशर दाब धरत नाही; तेल त्याच्या कडेने मागे डब्याकडे चाललंय. ही गळती बाहेर एक थेंबही दाखवत नाही, म्हणून ती फार फसवी. आणि बघा, मॉडस्लीची वाटी आठवा. झटकन दाबलं तर दाब एकदम चढतो, थकलेल्या वॉशरच्या कडाही पसरून भिंतीला लागतात, पेडल ठीक वाटतं. हळूहळू दाबलं की कडा पसरत नाहीत, तेल निसटतं. म्हणून पेडल दोन्ही तऱ्हांनी दाबून पाहायचं. आपली गाडी सरकली नाही. मास्टरचा आतला वॉशर निर्दोष सुटला.

त्यानंतर ते डॅशबोर्डखाली बॅटरी घेऊन शिरले आणि पेडलची दांडी मास्टरमध्ये शिरते तिथल्या रबरी टोपीत बोट घातलं. कोरडं. तिथे ओल असती तर मास्टरचा मागचा वॉशर गेला असं समजायचं. पायाखालच्या पत्र्याचा रंगही सुटलेला दिसतो, कारण हे तेल रंग खातं. मग गाडीखाली जाऊन स्लेव्हची टोपी जराशी मागे ओढली, आणि टपकन काळपट तेल त्यांच्या मनगटावर पडलं. चोर सापडला. तरीही त्यांनी रबरी होज मुठीत धरून मला पेडल दाबायला लावलं. जुना होज दाबाने फुगतो, आणि फुगला की तोही बुडबुड्यासारखीच पेडलची चाल खातो. शेवटी पट्टी लावून स्लेव्हची दांडी किती बाहेर येते ते मोजलं. हे मोजमाप मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेली चाल पूर्ण येत असेल आणि तरी गिअर कुरकुरत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पोटात आहे, मग उतरवा खुशाल. चाल अपुरी असेल, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. आपली अपुरी होती.

धाकटी विचारते, नाना, तेल बाहेर येतं त्या वाटेने हवा आत कशी जाईल? फार चांगला प्रश्न. पेडल दाबतो तेव्हा आत दाब असतो, तेल बाहेर येतं. पाय पटकन उचलला की मास्टरचा दट्ट्या मागे धावतो, नळीत क्षणभर ओढ लागते, आणि वाटीची रचनाच अशी की ती आतून बाहेरचा दाब अडवते, बाहेरून आत येणाऱ्या हवेला तितकी अडवत नाही. म्हणून थेंबाथेंबाने तेल जातं आणि त्याच्या जागी कणाकणाने हवा येते.

दुरुस्ती तुलनेने सोपी. स्लेव्ह बाहेरच्या बाजूला होता, दोन बोल्ट काढून हातात आला. (आता पुष्कळ नव्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगला जोडूनच असतो, तो गळला तर मात्र सगळं उतरवण्यावाचून इलाज नाही.) दट्ट्या बाहेर काढून उस्तादांनी सिलिंडर उन्हात धरून आत पाहिलं. भिंत गुळगुळीत असेल तर नुसतं किट बदलून भागतं. गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन वॉशर त्यांवर घासून काही महिन्यांत कापला जाईल. मग अख्खा सिलिंडर बदलायचा, काटकसर करायची नाही. आपल्यात खड्डे होते. सिलिंडर नवा घातला.

एक गोष्ट मी त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. हे भाग पेट्रोलने, डिझेलने किंवा रॉकेलने धुवायचे नसतात. या तेलासाठी बनवलेलं रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं, आणि नवं किट आठवड्यात निकामी होतं. धुवायचं ते ताज्या ब्रेक ऑइलने. उस्तादांनी तसंच केलं. क्लचमध्ये घालतात ते तेल ब्रेकचंच असतं, हे सांगायचं राहिलं. डब्याच्या टोपणावर कोणतं घालायचं ते लिहिलेलं असतं. तेच घालायचं.

मग हवा काढणं. यात माझा मदतनीस थोरला होता, आठवतं ना? स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, डबा काठोकाठ भरला. उस्ताद खालून ओरडले, "दबाओ!" थोरल्याने पेडल दाबून धरलं. त्यांनी पाना पाव फेरी फिरवला, नळीतून फेसाळ तेल धावलं, पाना बंद केला. "छोड़ो!" हा क्रम चुकवायचा नाही. निपल उघडं असताना पाय उचलला तर जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच परत आत ओढली जाते. आणि डब्यावर सतत नजर. तो रिकामा झाला की वरून हवा शिरते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरी पेडल पुरतं घट्ट होईना. हवा हलकी, ती वर जाणार. आणि आपल्या गाडीची नळी मास्टरमधून निघून मध्येच एक उंच वळण घेऊन खाली उतरते. त्या वळणाच्या माथ्यावर बुडबुडा बसून राहिला होता. वरून ढकललेलं तेल त्याच्या खालून निघून जायचं. तेव्हा उस्तादांनी तुमच्या हातात आहे तसली मोठी सिरिंज काढली, ताज्या तेलाने भरली, आणि खालून, निपलमधून तेल हळूहळू वर चढवलं. बुडबुड्याला जिकडे जायचंच होतं, तिकडेच त्याला वाट करून दिली. वर डब्यात बुळुक बुळुक दोन मोठे बुडबुडे फुटले. थोरल्याने पेडल दाबलं आणि त्याचा चेहराच सांगत होता. हे बुडबुडे डब्यात पोचले, कारण मास्टरमध्ये एक सुईएवढं बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण सुटलं असेल तेव्हाच ते उघडं राहतं आणि नळी डब्याला जोडली जाते. म्हणून पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवावाच लागतो. खेळ नसेल तर छिद्र झाकलेलं राहतं आणि बुडबुड्याची वर जायची वाटच बंद होते.

सिलिंडरच्या भिंतीला ते खड्डे का पडले होते? पाण्याने. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली दमट वाफ शोषून घेतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टची ओल डब्याच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा आत झिरपते. तेलात पाणी मिसळलं की आतून गंज चढतो, आणि उकळण्याचं तापमान घसरतं. डॉट ३ जातीचं ताजं तेल २०५ अंशांच्या आधी उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ मध्ये २३० वरून १५५ वर. एकदा उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेसारखाच दबणारा बुडबुडा. क्लचचं तेल ब्रेकइतकं तापत नाही, पण ज्या गाडीत त्याची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते, तिथे झाशीचा उन्हाळा काय करील सांगता येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात इथे पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. गाडी गार झाली की पेडल आपोआप सुधारतं, आणि माणसाला वाटतं, भास झाला. तो भास नसतो.

मी नोकरी केली ती खैलारच्या भेल कारखान्यात, जिथे मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथेही वैरी हेच दोघे, हवा आणि ओल. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरण्याआधी ते तापवून, निर्वात टाकीत घालून त्यातली हवा आणि पाणी ओढून काढतात, कारण तेलात बुडबुडा राहिला तर विजेचा दाब तिथूनच वाट फोडतो. विजेच्या सबस्टेशनजवळून जाताना ट्रान्सफॉर्मरला लटकलेली काचेची बरणी बघा. तिच्यात निळे दाणे दिसतील. ट्रान्सफॉर्मर तापून-निवून श्वास घेतो, ती हवा या दाण्यांतून आत जाते आणि दाणे तिची ओल टिपतात. ओले झाले की ते गुलाबी पडतात. जुन्या बरण्यांत हे सर्रास दिसतं.

आता शेवटची नवलाई, आणि ती आपल्या कुंपणाशीच आहे, तो एरंड. फार पूर्वी गाड्यांच्या ब्रेकमध्ये जे तेल घालायचे, त्यात एरंडेल आणि अल्कोहोल असायचं. पण मला दुसरंच सांगायचंय. झाडाच्या खोडात मुळापासून पानापर्यंत पाण्याच्या बारीक नळ्या असतात. पान वाफ सोडतं आणि वरून पाणी ओढतं. पाण्याचे कण एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून अख्खी पाण्याची दोरी वर चढते. हे डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलं. क्लचमध्ये तेल रेटलं जातं, झाडात पाणी ओढलं जातं, पण हवेचं भय दोघांनाही सारखंच. उन्हाळ्यात माती सुकली, ओढ फार वाढली, की एखाद्या नळीत बुडबुडा होतो, दोरी तुटते आणि ती नळी निकामी होते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी एरंडाचं पान सुकू देऊन त्याला कंपनं टिपणारं यंत्र लावलं, तेव्हा या दोऱ्या तुटण्याचे टकटक आवाज त्यांना नोंदवता आले.

झाडाला उस्ताद कुठून मिळणार? त्याने आपली सोय आधीच केलेली असते. एका नळीतून दुसरीत पाणी जायला भिंतीत बारीक खिडक्या असतात आणि त्यांवर इतका सूक्ष्म पडदा असतो की पाणी जातं, बुडबुडा अडकतो. त्यामुळे एका नळीतली हवा साऱ्या खोडात पसरत नाही. बुंदेलखंडातले साग-पळस उन्हाळ्याच्या तोंडी पानं टाकतात, म्हणजे ओढच कमी होते. थंड देशांतल्या द्राक्षवेलींची तऱ्हा तर ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्यात त्यांच्या नळ्या हवेने भरून जातात. वसंतात मुळं खालून पाणी दाबाने वर चढवतात, ते हवेला पुढे घालत शेंड्यापर्यंत नेतं, आणि नळ्या पुन्हा पाण्याने भरतात. उस्तादांनी सिरिंजने केलं, ते या वेली दरवर्षी करतात.

बाळांनो, पुण्याला गेल्यावर बाबांना एवढं विचारा, की गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. दोन वर्षं होऊन गेली असतील तर यंदा पावसाळा सरला की बदलून घ्या म्हणावं, आणि तेल सीलबंद डब्यातलंच वापरा. कपाटात उघडा पडलेला अर्धा डबा नको. चारही चाकांचं जुनं तेल काढून झालं की गॅरेजवाल्याला आठवण करा, क्लचच्या निपलमधूनही काढ. ते बहुतेक जण विसरतात.